बर्नाडेट नाही म्हणाली

मॅडावास्का, १४ जानेवारी

प्रिय जोझेत,

तुझ्या आईने कागद आणि पेन माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाली, "ती तुझा फोन उचलत नाही ना? मग लिही. लिहिताना तरी आवाज चढत नाही तुझा." म्हणून लिहितोय. माफी मागायला नाही, हे आधीच सांगतो.

काडतुसांच्या नव्या कायद्याच्या बाजूने तू वर्तमानपत्रात लिहिलेला लेख वाचला. विल्फ्रेडने तो शिकारी क्लबच्या फळ्यावर टाचून ठेवलाय. "माझ्या वडिलांसारखी चांगली माणसं" ह्या शब्दांखाली लाल रेघ मारली आहे. मी आत शिरलो की सगळे ओरडतात, "आला, चांगला माणूस आला!" मी हसतो. घरी आल्यावर हसत नाही.

नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता ह्याच वादावरून मी जे बोललो ते मला आठवतंय. माझ्या टेबलावर बसून चारचौघांत माझीच लाज काढणाऱ्या मुलीने इथे जेवायला येऊ नये, असं म्हणालो. तू गोड न खाताच उठलीस आणि तेवढ्या बर्फातून पोर्टलंडपर्यंत एकटीने गाडी नेलीस. पोचल्याचा फोन येईपर्यंत आई खिडकीपासून हलली नाही. एवढंच सांगतो, पुढचं तुझं तू समज.

आता त्या कायद्याचं. इंटरनेटवरून मागवलेली काडतुसं घरी येणार नाहीत, दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि माणसासमोर उभं राहून घ्यायची. ऐकायला साधं वाटतं. पण तुमच्या शहरात दर वळणावर दुकान आहे. इथे वर ॲलागॅशकडे राहणाऱ्या म्हाताऱ्याने एका डब्यासाठी ह्या थंडीत एवढा रस्ता तुडवायचा का? ज्याला वाईटच करायचंय त्याला कागद अडवत नाही. अडतो तो साधा माणूस. तू हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काय बघतेस ते मला माहीत नाही, आणि बघायचंही नाही. पण ह्या गावातल्या दोन पिढ्यांना बंदूक कशी धरायची आणि कधी खाली ठेवायची हे मी शिकवलंय. तुलाही शिकवलं.

एप्रिलमध्ये ऑगस्टाला विधिमंडळात सुनावणी आहे. क्लबतर्फे विरोधात मी बोलायचं असं ठरलंय. तू दुसऱ्या बाजूला असशीलच.

आई म्हणते, फर्नांदबद्दल लिही. ठीक आहे तो. गुडघा दुखतो म्हणून चर्चला येत नाही हल्ली.

तुझा,
पापा


९ फेब्रुवारी

प्रिय जोझेत,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. "गुडघा नाही, पापा. खरं काय ते लिहा."

म्हणजे आईने सांगितलंच. मी फर्नांदला शब्द दिला होता की तुला कळू देणार नाही. तू त्याची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला त्याने तुला हातात धरलं होतं. तुझ्या नजरेत त्याला लहान व्हायचं नव्हतं. पण आता कळलंच आहे, तर ऐक.

त्याची बायको इव्होन ऑक्टोबरमध्ये गेली हे तुला माहीत आहे. त्यानंतर त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. आम्ही नदीवर बर्फात मासे धरायला गेलो होतो, छोट्या खोपटात शेगडी पेटवून बसलो होतो, तर म्हणाला, "रेआल, सकाळी कॉफी कुणासाठी करायची तेच कळत नाही."

मी म्हटलं, "स्वतःसाठी कर."

"स्वतःसाठी कधी केलीच नाही. तीच करायची." मग गळाची दोरी वर ओढून पाहिली आणि पुन्हा सोडली. "कधी कधी भिंतीवरच्या बंदुकांकडे बघत बसतो."

 वर्गात मीच पोरांना सांगत आलोय की असं काही कानावर आलं तर आडून विचारायचं नाही. सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का?"

"येतं कधी कधी," तो म्हणाला. उद्या बर्फ पडेल म्हणावं, तितक्या सहज.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडे नेलं. औषधं सुरू झाली. तिथून थेट त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, "फर्नांद, बंदुका माझ्याकडे दे. उन्हाळ्यात परत देतो."

"बापाच्या आहेत त्या. काढल्यास तर भिंतीवर नुसते खिळे राहतील. दिवसभर त्या खिळ्यांकडे बघू?"

"मग काडतुसं तरी दे."

त्यावर मात्र हसला. म्हणाला, "वा रे वा! डॉक्टर गोळ्या देतो आणि तू गोळ्या नेतोस!" पण दिली. तळघरातून, कपाटातून, जुन्या शिकारी कोटाच्या खिशांतूनसुद्धा स्वतः शोधून काढून दिली. तुझ्या आईने घराचा कोपरा न् कोपरा पुन्हा पाहिला. ते सगळं आता माझ्या शेडमध्ये कुलपात आहे.

तिथून मी बर्नाडेटच्या दुकानात गेलो. तूही तिच्याकडूनच पहिला शिकारीचा कोट घेतला होतास, आठवतं? काउंटरवरून वाकून तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझ्या दुकानातून त्याला एक छर्रासुद्धा मिळणार नाही. फोर्ट केंटच्या दुकानदारालाही सांगते. तो माझा मावसभाऊच आहे."

बघ, जोझेत. हे कुठल्या कायद्याने झालं नाही. गावाने केलं. मी ऑगस्टाला हेच सांगणार आहे, अर्थात त्याचं नाव न घेता.

आईने तुला प्लॉयच्या घावनांचं पीठ पाठवलंय. आमच्याकडून.

पापा


२७ फेब्रुवारी

प्रिय जोझेत,

"बंदुकाही आणा" असं तू लिहिलंस. मी फर्नांदला पुन्हा विचारलं. ईस्टरनंतर बघू म्हणतो. जबरदस्तीने भिंतीवरून ओढून काढू का? तो माझा मित्र आहे, कैदी नाही.

पण बातमी चांगली आहे. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं, तिथे आला. दाढी केली होती. दोनदा वाढून घेतलं. पत्त्यांत विल्फ्रेडला हरवलं आणि त्याला म्हणाला, "माझे हात थरथरतात, तुझी तर अक्कल थरथरते." सगळा हॉल हसला. आई मला टेबलाखालून कोपर मारत होती, बघ, बघ म्हणून.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण मागच्यासारखी पुन्हा आईकडून कळेल. सोमवारी पुतणीच्या गाडीतून तो बर्नाडेटच्या दुकानात गेला आणि काडतुसांचा एक डबा मागितला. साधेपणाने, पाव मागावा तसा. बर्नाडेट म्हणाली, "नाही, फर्नांद."

"का?"

"का ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. घरी जा. की थांबतोस, कॉफी करते?"

तो थांबला, कॉफी प्यायला आणि गेला. तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच तिने मला फोन केला. मी तसाच धावत गेलो. बूट घालायचंही भान नव्हतं, घरातल्या सपातांवर बर्फातून गेलो. हा आपला स्वयंपाकघरात बसून इव्होनचे फोटो बघत होता, पुतणीने दिलेल्या त्या टॅब्लेटवर. मला बघून म्हणाला, "बर्नाडेट शब्दाची पक्की आहे का ते बघत होतो. पक्की निघाली." मी त्याला शिव्या घातल्या. त्याने मला चहा दिला.

तेव्हापासून तो अगदी शांत झालाय. तुझी आईही म्हणते, कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा असा मोकळा दिसला.

पापा


१८ मार्च

जोझेत,

तू आलीस आणि गेलीस. चर्चमध्ये आपण एकाच बाकावर बसलो होतो, मधे आई. तू फर्नांदच्या शवपेटीवर हात ठेवलास तेव्हा मला तुझ्याजवळ यावंसं वाटलं होतं. आलो नाही. तिथे तू विचारलंस, "काडतुसं कुठून आली, पापा?" आणि मी बाहेर निघून गेलो. त्याचं उत्तर आता देतो.

तुझा फोन आला त्या दिवसापासून सुरू करतो. "तो शांत झालाय हेच मला आवडलेलं नाही, बंदुका आजच्या आज उचला," असं तू आईला सांगितलंस. मी त्याच दुपारी गेलो. फर्नांदने वाद घातला नाही. म्हणाला, "ने. पण उद्या ने. आज त्या पुसून तेल लावून ठेवतो. बापाच्या आहेत, अशा धुळीने भरलेल्या नको नेऊस." मला बरं वाटलं, की चला, हा मान्य झाला. काडतूस घरात एकही नाही हे माहीत होतं. एका दिवसाने काय होणार होतं?

सकाळी मी जुन्या घोंगड्या घेऊन गेलो, बंदुका गुंडाळायला. दार नुसतं लोटलेलं होतं.

त्यातलीच एक घोंगडी त्याच्या अंगावर घातली. बाकीचं तुला सांगायची गरज नाही. तू रोज बघतेस. मला आता कळलं तू काय बघतेस.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोका होता. पुठ्ठ्याचा, साधा, बूट येतात तसा. चिकटपट्टी चाकूने नीट कापलेली. शेरीफच्या माणसाने टॅब्लेट उघडून मला दाखवलं. काडतुसं त्या सोमवारीच मागवली होती. बर्नाडेटकडून घरी आल्या आल्या, मी पोचायच्या आधी. म्हणजे मी शिव्या घालत होतो आणि तो मला चहा देत होता, तेव्हा तो खोका कुठल्यातरी दूरच्या गोदामातून निघायच्या बेतात होता. त्यांनी फक्त विचारलं होतं की वय पूर्ण आहे का. त्याने हो म्हटलं. खोटं कुठे होतं ते?

पार्सलच्या गाडीवाल्या मुलीने खोका दारात ठेवला, त्याचा फोटो काढला आणि गेली. फोटोही बघितला मी. दारातलं पायपुसणं, त्यावर खोका, आणि कडेला इव्होनची बर्फ झाडायची केरसुणी.

बर्नाडेट मला दफनभूमीच्या फाटकात भेटली. माझ्या कोटाची बाही धरून सारखं एकच म्हणत होती, "मी नाही म्हटलं होतं, रेआल. मी नाही म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस," मी म्हणालो. ती सोडतच नव्हती.

तू विचारलंयस की ऑगस्टाला मी हे सांगेन का, त्याच्या नावानिशी, तुमच्या बाजूने. नाही. मी फर्नांदला फलकावर चिकटवणार नाही. तुमच्याही नाही आणि विल्फ्रेडच्याही नाही.

पापा


२२ एप्रिल

प्रिय जोझेत,

तुझी ड्यूटी होती म्हणून तू येऊ शकली नाहीस, पण स्क्रीनवर सगळं बघितलंस असं आई म्हणाली. मग मी काय बोललो ते तुला माहीत आहे. ते कसं झालं, ते सांगतो.

मी क्लबच्या गाडीतूनच गेलो. विल्फ्रेडने माझ्यासाठी भाषण टाइप करून आणलं होतं. वाटेत म्हणाला, "फर्नांदचं वाईट झालं. पण ते मधे आणू नकोस. त्यांना तेच हवंय." मी मान हलवली. मला खरंच तसंच वाटत होतं.

तिथे नाव नोंदवायला तीन रांगा असतात. बाजूने, विरोधात, आणि दोन्हीकडे नाही अशांसाठी एक. विल्फ्रेड विरोधातल्या रांगेत उभा राहिला आणि त्याने मागे माझी जागा धरली. मी कशाला तिसऱ्या रांगेत गेलो, मला सांगता येणार नाही. तिथे माझ्याशिवाय फक्त एक सरकारी माणूस होता.

माझ्या आधी एक बाई बोलल्या, त्यांचा मुलगा गेलेला. मग एक शेतकरी उठला, अस्वलं कोकरं नेतात म्हणून काडतुसं लागतात आणि दुकान लांब आहे म्हणाला. दोघंही खरं बोलत होते. मग माझं नाव पुकारलं. खिशातून विल्फ्रेडचं भाषण काढलं आणि अक्षरं दिसेनात. चष्मा डोळ्यांवरच होता. म्हणून जे दिसत होतं तेच सांगितलं. खोपटातली शेगडी, शेडमधलं कुलूप, बर्नाडेटची कॉफी, खोका. त्याचं नाव घेतलं नाही. माझा मित्र, एवढंच म्हणालो.

समितीतला तो टक्कल पडलेला गृहस्थ वाईट नव्हता. त्याने सौम्यपणे विचारलं, "मिस्टर सिरुआ, तुमच्या मित्राने दुसरा काही मार्ग शोधला नसता कशावरून?"

मी म्हणालो, "शोधला असता, कदाचित. पण त्यासाठी त्याला पुन्हा कुणासमोर तरी उभं राहावं लागलं असतं. बर्नाडेटसमोर, नाहीतर तिच्या मावसभावासमोर. त्यांनी मला फोन केला असता. मी पुन्हा सपातांवर धावलो असतो."

"मग तुम्ही ह्या विधेयकाच्या बाजूने आहात?"

"साहेब, मला कायद्यातलं कळत नाही. बर्नाडेट नाही म्हणाली. त्या खोक्याच्या वाटेवर नाही म्हणायला कुणीच नव्हतं. एवढंच सांगायला आलो."

तू म्हणतेस, "हो" म्हणायचं सोडून मी ऐन वेळी कच खाल्ली. आईनेही तेच म्हटलं, जरा जास्त तिखट शब्दांत. असेल. पण ज्या माणसांत मी आयुष्य काढलं त्यांच्याकडे पाठ करून बोलायचं होतं, जोझेत. माझ्या मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते.

 परतताना वाटेत जेवायला थांबलो तर सगळे मोठ्या टेबलावर बसले आणि माझ्यासाठी खुर्ची उरली नाही. मी काउंटरवर बसून सूप घेतलं. घराच्या फाटकाशी उतरताना विल्फ्रेड म्हणाला, "क्लबच्या हॉलची किल्ली दे. पोरांचा वर्ग आता दुसरं कुणीतरी घेईल." त्याचे डोळे लाल होते. फर्नांद त्याचाही मित्र होता, हे विसरू नकोस. मी किल्ली दिली.

घरात आलो तर आईने प्लॉय टाकले होते.  तिने माझं ताट तिच्या ताटाला लावून ठेवलं.

पापा


२ जुलै

प्रिय जोझेत,

विधेयक पडलं हे तुला माझ्या आधीच कळलं असेल. अगदी थोडक्यात पडलं म्हणे. टक्कलवाल्या गृहस्थानेही विरोधात मत दिलं. मला त्याचा राग आला आणि मग वाटलं, मागच्या वर्षी मी त्याच्याच पाठीवर थाप मारली असती.

आईकडून कळलं की तू ऑगस्टमध्ये येतेस. तुझी खोली झाडून ठेवली आहे. आता नोव्हेंबरबद्दल. मी बोललो ते चुकीचं होतं. तोंडावर म्हणेन, पण लिहूनही ठेवतो, म्हणजे मागे घेता येणार नाही.

एक नवीन गोष्ट झाली आहे. सुनावणी बघितलेल्या एका बाईचा फोन आला. लॉरेट नाव, पलीकडच्या ग्रँड आइलची. रडत नव्हती, घाईत होती. म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या मनात तसले विचार येतात. तुम्ही काडतुसं ठेवून घेता ना? माझ्याकडची न्याल?" मी गेलो. नवरा शेतावर होता. सगळं गाडीत भरलं. निघताना मी म्हटलं, "बंदुकाही द्या." तिने त्या त्याच्या भावाकडे आधीच पोचवल्या होत्या. पण म्हणाली, "भाऊ त्याचाच आहे. मागितल्या तर किती दिवस नाही म्हणेल?"

म्हणून आता मी, बर्नाडेट आणि तुझी आई आळीपाळीने तिच्याकडे जातो. पार्सलची गाडी यायच्या सुमाराला पोर्चवर बसतो. निमित्त काहीही. आई विणकाम नेते, बर्नाडेट दुकान भाच्यावर टाकून येते. लॉरेट लिंबूपाणी देते. नवऱ्याला, एलरीला, सांगितलंय की आम्ही चर्चच्या कामासाठी येतो. त्याने विश्वास ठेवला की नाही, देव जाणे.

काल माझी पाळी होती. गाडी आली. तीच मुलगी, फर्नांदकडे आलेली. मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. हसरी आहे. हातात खोका, नाव एलरीचं.

मी म्हटलं, "माझ्याकडे दे."

"सही लागत नाही, आजोबा. फक्त ठेवायचा." तिने पायरीवर ठेवला, फोटो काढला आणि गेली.

मी उचलून बघितला. जड होता. वर काही लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात एलरी कोठीकडून आला. उंच, खांद्यात वाकलेला, डोळ्यांखाली काळं.

"माझं आहे ते," तो म्हणाला.

"काय आहे ह्यात?"

"तुम्हाला काय करायचंय?"

जोझेत, हे वाक्य मी जन्मभर वापरलं. पत्रकारांना, समितीवाल्यांना, तुलासुद्धा. माझ्या घरात काय येतं त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?  मी खोका त्याच्या हातात दिला आणि बाजूला झालो.

तो आत गेला. मी गाडीत जाऊन बसलो. चावी लावली नाही. काच खाली करून कान घराकडे लावून बसलो. कुठेतरी बटाट्याच्या शेतात फवाऱ्याचा पंप चालू होता, त्याचा राग येत होता की हा मला ऐकू देत नाही.

खूप वेळाने लॉरेट बाहेर आली. हात ॲप्रनला पुसत, सावकाश चालत. गाडीच्या खिडकीशी येऊन वाकली.

"विहिरीच्या मोटरचा भाग आहे," ती म्हणाली. आणि मग, "आजचा तरी."

तुझा,
पापा